हळदीचं पाणी, हळदीच्या गोळ्या: या चुका टाळा

आमचं गाव वसमतजवळ. शिमग्याच्या आसपास शेतात हळद शिजायला लागली की तो वास कपड्यातून महिनाभर जात नाही, मग वाळवण, ढोलात घालून पॉलिश, कांडी वेगळी गट्टू वेगळा, हे सगळं बघत मोठी झाले, त्यामुळं मी हळदीच्या विरोधात बोलायले असं कुणी समजू नका. पण लोक सध्या जे करायलेत ते बघून राहवत नाही. परभणीच्या माझ्या मावशीला आमवात आहे. कुणीतरी मोबाईलवर पाठवलं म्हणून तिनं डॉक्टरच्या गोळ्या बंद करून रोज सकाळी दोन चमचे हळद गरम पाण्यात घ्यायला सुरुवात केली, आठ महिने, आणि आम्हाला कुणालाच सांगितलं नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच, गोळ्या सोडणं. ती का होते ते नीट समजून घ्या, कारण हळदीत औषधी गुण आहे हे काही खोटं नाही. तिच्यात कर्क्युमिन नावाचा घटक असतो, पिवळा रंग त्याचाच. आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी राखणीला असतात. जंतू दिसला की त्या टीएनएफ, आयएल-६ अशी रसायनं सोडून आरोळी ठोकतात, मग तिथं रक्त धावतं, सूज येते, ठणका लागतो. ही आरोळी ठोकायचा हुकूम देणारं प्रोटीन म्हणजे एनएफ-कप्पा-बी. ते एरवी पेशीत दाव्याला बांधलेल्या बैलासारखं असतं, जंतूची चाहूल लागली की दुसरं एक एन्झाइम ते दावं तोडतं आणि हा सुटून थेट पेशीच्या केंद्रकात घुसतो, तिथले सुजेचे जीन्स चालू करतो. कर्क्युमिन त्या दावं तोडणाऱ्या एन्झाइमलाच आवरतं, असं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये दिसलंय.

आमवातात चोर, म्हणजे जंतू, नसतानाच आरोळी चालू राहते आणि स्वतःचेच सांधे सुजून खराब होतात. मग मावशीला फायदा व्हायलाच पाहिजे होता ना? नाही, कारण प्रयोगशाळेत कर्क्युमिन सरळ पेशींवर ओततात आणि मावशीचं पोटातून जातं. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, जे थोडंफार आतड्यातून आत जातं त्याचं रूप आतड्याची भिंत आणि लिव्हर लगेच बदलून टाकतात, म्हणजे सांध्यापर्यंत पोहोचायला उरतंच किती? शिवाय कर्क्युमिन स्वतःच चमकतं आणि दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं, त्यामुळं प्रयोगशाळेतल्या टेस्ट कधी कधी खोटा निकाल देतात, २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या संशोधकांनी यावर खणखणीत इशारा दिला होता.

दुसरी चूक हिशोबाची. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरा, एक चमचा म्हणजे ३ ग्रॅम हळद, त्यात कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम. आणि मिऱ्यानं रक्तातलं कर्क्युमिन २० पट वाढतं म्हणतात ना, तो १९९८ चा बंगळुरूचा अभ्यास, त्यात माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं, म्हणजे हळदीच्या पाव किलोच्या पाकिटाचा चौथा हिस्सा एका वेळी! वर २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक. आणि जे २० पट वाढलं ते जवळपास शून्यावरून वाढलं. वरणाच्या फोडणीत तेलात हळद टाकतो ते चांगलंच आहे, तेलातुपात कर्क्युमिन पाण्यापेक्षा बरं विरघळतं, पण त्याला औषधाचा डोस म्हणू नका.

मग लोक कॅप्सूलकडं वळतात. गुडघ्याच्या झिजेत अर्काचा थोडा उपयोग दिसलाय, थायलंडमध्ये २०१४ च्या एका अभ्यासात ३६७ पेशंट होते आणि चार आठवड्यांत हळदीचा अर्क घेणाऱ्यांना दुखण्यात आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळीएवढाच आराम मिळाला, पण त्यात नुसती साखरेची गोळी दिलेला गट नव्हता, आणि गुडघ्याची झीज वेगळी, आमवात वेगळा. मिऱ्याचा अर्क घातलेल्या कॅप्सूल घेताना तर जास्तच सांभाळा, पिपेरिन लिव्हरचं औषधं मोडायचं काम मंद करतं त्यामुळं दुसऱ्या औषधांचं प्रमाणही रक्तात वाढतं, फिटच्या फेनिटोइनचं वाढलेलं दिसलंय. अशा कॅप्सूलनंतर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस पण आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर कॅप्सूल तिथंच थांबवा आणि डॉक्टरकडं जा. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी विचारा.

‘इम्युनिटी वाढते’ म्हणून लेकरांना चमचे चमचे हळद पाजणाऱ्यांनी एवढं बघा, वर सांगितलेलं काम आरोळी कमी करायचं आहे, वाढवायचं नाही.

आणि सुटी, झगझगीत पिवळी पावडर घेऊ नका, रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळलेलं सापडतं, ते शिसं लेकरांच्या मेंदूला घातक. झगझगीत नसलेली हळकुंडं आणून दळून घ्या, आमच्याकडं अजून तसंच करतात.

मावशीच्या गोळ्या परत चालू झाल्यात, सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी झाली ती झालीच, भाकरी थापताना ती आता डावा हात पुढं करते.