पाणी ढकलणारी विहीर गॅसवर घेण्याआधी

तेल रेटण्यासाठी साठ्यात आलटून पालटून पाणी आणि गॅस सोडणं, म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'वॅग', म्हटलं की सगळे संगणकातल्या मॉडेलवर तुटून पडतात. घोटाळे मात्र अदलाबदलीच्या दिवशी वेलहेडपाशी, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी, होतात. म्हणून ही तयारी तिथली.

आधी विहिरीचे जुने कागद काढा. २,५०० मीटर खोल विहिरीत पाण्याचा स्तंभ तळाशी सुमारे २५० बार दाब फुकटात देतो. गॅसचा स्तंभ देतो त्याचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा. उरलेला सगळा वरून द्यायचा, म्हणजे ख्रिसमस ट्रीपासून (विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हांचा संच) ट्यूबिंगच्या, म्हणजे विहिरीतल्या आतल्या नळीच्या, आट्यांपर्यंत सगळं त्या दाबाला पुरतं का, हे बघायचं. पाणी जिथून थेंबभर झिरपत नाही तिथून गॅस खुशाल निघतो. ॲन्युलसचा, म्हणजे ट्यूबिंगभोवतीच्या पोकळीचा, दाब आठवडाभर आधीपासून रोज लिहून ठेवा, नाहीतर चढलेला दाब नवा की जुना यावर नंतर नुसते वाद.

पाण्याच्या लाइनची दाबक्षमता बहुधा कमीच असते. उलट्या दिशेने गॅस तिच्यात शिरू नये म्हणून एकट्या चेक व्हॉल्व्हवर (एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेवर) भिस्त नको. दोन व्हॉल्व्ह बंद करून मधला दाब सोडा. जोडणीचा तुकडाच काढता आला तर उत्तम.

आता हायड्रेट. गॅस आणि पाणी दाबाखाली भेटले की बर्फासारखा गोळा बनतो, आणि त्यासाठी शून्य अंश लागत नाही. २०० बारला १५ अंशांतही बनतो. नॉर्वेच्या समुद्रातल्या स्नोरे तेलक्षेत्रात वॅग वर्षानुवर्षं चाललं आहे. तिथे समुद्र तीनशे मीटरहून खोल, तळ गारठलेला. अशा ठिकाणी पाणी आणि गॅस यांच्यामध्ये मिथेनॉल किंवा ग्लायकॉल या हायड्रेट रोखणाऱ्या द्रवांचा टप्पा ढकलावाच लागतो. किती लागेल ते आधी मोजा आणि टाकी प्रत्यक्ष उघडून बघा. कागदावरची टाकी भरलेलीच असते.

गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड असेल तर पाण्याशी मिळून आम्ल तयार होतं. साधं पोलाद असेल तर गंजरोधक रसायनाची व्यवस्था आधी, गॅस नंतर.

उत्पादक विहिरींचं (ज्यांतून तेल वर येतं त्यांचं) गॅस-तेल गुणोत्तर आणि पाण्याचं प्रमाण बदलाआधीच नोंदवा. गॅस हलका, तो वरच्या थरातलं तेल हलवतो. पाणी खालून पुसत जातं आणि गॅसच्या घाईला लगाम घालतं. कॅनडातल्या पेम्बिना तेलक्षेत्रात १९५७ साली वॅग प्रथम झालं आणि बऱ्याच क्षेत्रांत मूळ साठ्याच्या पाच-दहा टक्के जादा तेल मिळालं. पण गॅस उत्पादक विहिरीत आधीच फुटून आला आणि जुनी नोंद नसली, तर श्रेय कुणाचं नि चूक कुणाची, काहीच सांगता येत नाही. गॅसनंतर पुन्हा पाणी घेताना विहीर आधीइतकं पीत नाही, तेही तक्त्यात धरा.

शेवटी, कॉम्प्रेसर अर्ध्यावर बंद पडला तर थांबायचं की पाण्यावर परतायचं, किती तासांत, आणि आधी मिथेनॉल किती, हे एका पानावर लिहून कंट्रोल रूममध्ये लावा. रात्री तीनला शिफ्टवाल्याने त्यासाठी कुणाला झोपेतून उठवायची वेळ येऊ नये.