सगळ्या विंडोंवर एकाच वेळी ‘बिझी’ कर्सर कसा दाखवायचा

मोठा रिपोर्ट तयार होतोय, मुख्य विंडोवर कर्सर गोल फिरतोय. पण माउस शेजारच्या विंडोवर नेला की पुन्हा साधा बाण. वापरणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि तो बटणं दाबत सुटतो. कर्सर सहसा एकेका विंडोला किंवा तिच्यातल्या एकेका घटकाला लावलेला असतो, म्हणून हे होतं.

आधी आपल्या टूलकिटमध्ये (विंडो, बटणं बनवायच्या तयार लायब्ररीत) अख्ख्या अ‍ॅपसाठी सोय आहे का, ते बघा. क्यूटीत ‘सेट ओव्हरराइड कर्सर’, डब्ल्यूएक्समध्ये ‘बिगिन बिझी कर्सर’, विनफॉर्म्समध्ये ‘यूज वेट कर्सर’. एका ओळीत काम भागतं.

अशी सोय नसेल, तर उघड्या विंडोंवर लूप फिरवा. जावाच्या स्विंगमध्ये प्रत्येक फ्रेमच्या ग्लास पेनला, म्हणजे विंडोवर पसरलेल्या पारदर्शक थराला, कर्सर लावून ते दिसतं करा. पायथनच्या टीकेइंटरमध्ये मुख्य विंडो आणि प्रत्येक टॉपलेव्हलला (वेगळ्या उघडलेल्या विंडोला) ‘वॉच’ कर्सर द्या आणि लगेच ‘अपडेट’ चालवा, नाहीतर बदल पडद्यावर उमटण्याआधीच काम सुरू होतं. तिथे मजकूर भरायच्या चौकटीचा स्वतःचा उभ्या दांडीचा कर्सर असतो. तो वेगळा बदलावा लागतो.

लावणं सोपं, खरी गोची काढण्यात आहे. क्यूटी हे कर्सर एकावर एक रचून ठेवतं: दोनदा लावला तर दोनदाच काढावा लागतो. समजा, ‘सेव्ह’च्या फंक्शनने कर्सर लावला आणि आतल्या तपासणीच्या फंक्शनने पुन्हा लावला. तपासणीत चूक सापडली, फंक्शन मधूनच परतलं, काढायची ओळ चाललीच नाही. अ‍ॅप ठणठणीत, कर्सर मात्र फिरतोच आहे! म्हणून काढायची ओळ ‘फायनली’मध्येच टाका, म्हणजे चूक झाली तरी ती चालतेच; सी प्लस प्लसमध्ये हे काम डिस्ट्रक्टरवर (ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनवर) सोपवा.

काम लांबणारं असेल तर ते वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) न्या, पण कर्सर लावणं-काढणं विंडो सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवरच ठेवा. आणि नुसत्या कर्सरने क्लिक अडत नाहीत. बटणं स्वतंत्रपणे बंद करावी लागतात. हे बरेच जण विसरतात.

शेवटी मुद्दाम एरर आणून बघा. एररची चौकट उघडण्याआधी कर्सर पूर्ववत व्हायला हवा, नाहीतर ‘ओके’ दाबायचं की थांबायचं, हेच वापरणाऱ्याला कळत नाही.