ट्रॅक्टर ओढीचा पट्टा: सगळी मदार वाफशावर

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या यात्रेत ट्रॅक्टर ओढीची स्पर्धा होते, म्हणजे मागे बांधलेली वजनाची स्लेज (घसरगाडी) मातीच्या पट्ट्यावरून कोण जास्त लांब ओढतो ते बघायचं. पट्टा तयार करायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी स्पर्धेच्या दिवशीच सकाळी मी दोन टँकर पाणी मारलं. माती वरून काळीशार, गच्च दिसत होती. पहिल्याच ट्रॅक्टरची चाकं ४० मीटरवर जागेवर फिरायला लागली. वरचा बोटभर थर चिखल आणि खाली ठणठणीत कोरडं. उन्हाने दुपारी तो थर सुकला आणि मागून आलेले आरामात ८० मीटरपर्यंत गेले. सकाळी ओढून गेलेला एक पोरगा मला काही बोलला नाही, नुसता बुटाने माती उकरून बघत उभा राहिला. तेव्हापासून मी पाणी आठ दिवस आधी देतो.

या खेळात स्लेजवरचं वजन ट्रॅक्टर पुढे जाईल तसं पुढे सरकतं आणि तिची पुढची पाटी जमिनीवर जास्त जास्त दाबत जाते. म्हणजे मीटरमागे ओझं वाढतं. १०० मीटरच्या पट्ट्यात कुठेही माती बदलली, की निकाल तिथेच बदलतो.

जागा सपाट बघा, रुंदी १० मीटर तरी हवी. पुढे थांबायला ३० मीटर मोकळं सोडा. आमच्याकडची काळी माती नुसती वापरू नका. ओली झाली की चिकट, वाळली की भेगा. मी तिच्यात चाळलेली तांबडी मुरमाड माती मिसळतो, साधारण तीन पाट्या काळीला एक. चाळायचा कंटाळा करू नका. चाकाखालून उडालेला खडा गोळीसारखा येतो आणि कडेला पोरं उभी असतात.

आधी वीतभर खोल नांगरट. मग पाणी सावकाश, रात्रीचं, दोन-तीन पाळ्यांत, म्हणजे ते खालपर्यंत मुरतं. नंतर वाफशाची, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी कसायला बरोबर ओल यायची, वाट बघायची. पेरणीचा वाफसा सगळ्यांना कळतो, इथे त्याहून किंचित कमी ओल लागते. वितीभर खोलवरून मूठभर माती काढा, घट्ट दाबा. गोळा झाला पाहिजे, तळव्याला ओल लागली पाहिजे, पण माती चिकटता कामा नये. गोळा छातीच्या उंचीवरून टाका. चार-पाच तुकडे झाले तर रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) घाला. भुगा झाला तर पाणी कमी, नुसता चेपला तर एक दिवस थांबा. ही परीक्षा सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी घ्या. झाडाच्या सावलीतला तुकडा नेहमी मागे राहतो.

रोटाव्हेटर मारून फळीने लेव्हल करा आणि मग रोलर. पहिल्या दोन फेऱ्या रोलरचा कंप (व्हायब्रेशन) बंद ठेवून, नंतर चालू करून. सुरुवातीची १५ मीटर दोन फेऱ्या जास्त द्या, कारण टोचन (ट्रॅक्टरला स्लेज जोडणारी साखळी) ताणलं जातं तिथेच चाकं जास्त खणतात. आदल्या रात्री पट्टा ताडपत्रीने झाका. फाल्गुन-चैत्रातलं वारं उघडा पट्टा एका रात्रीत कोरडा करतं.

स्पर्धा चालू असताना खरी कसोटी असते. खड्डा पडला की कोरडी माती ढकलून बुजवायची घाई होते. तसं करू नका, पुढच्या ट्रॅक्टरचं चाक तिथेच रुततं. सैल माती फावड्याने काढा, बाजूला गोणपाटाखाली झाकून ठेवलेली ओलसर माती चार-चार बोटांच्या थरांनी भरा, प्रत्येक थर धुमसाने ठोका, वरून फळी आणि रोलर फिरवा. हे प्रत्येक ओढीनंतर, सगळ्यांना सारखं. एकाला रोलर मिळाला आणि दुसऱ्याला नाही, असं होता कामा नये.

वरची ओल उडायला लागली तर टँकर नको. द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर आणा, बारीक फवारा सारखा बसतो. पण टाकी आणि नोझल आधी स्वच्छ धुवा, औषधाचा अंश माणसांत उडवायचा नाही.

स्पर्धा संपली की ओल आहे तोवर, त्याच संध्याकाळी पट्टा पलटीने नांगरून टाका. रोलरने दाबलेली काळी माती एकदा वाळली की फाळ आत जात नाही, आणि रान ज्याचं असतं त्याला मृगाआधी ते परत मोकळं करून द्यावं लागतं.