थंडीत घरातल्या वयस्कर माणसांची कातडी फुटते? सुरुवात आंघोळीपासून करा

"मुंबईत कुठे आलीय थंडी" असं आपण म्हणतो आणि तिथेच चुकतं. डिसेंबर-जानेवारीत जमिनीकडून कोरडा वारा सुटतो, स्वेटर लागला नाही तरी अंग फुटतंच. त्यात वय झालं की त्वचेतलं तेल कमी होतं, कातडी पातळ होते, म्हणून आपल्याला नुसतं कोरडं वाटतं तिथे त्यांना भेगा पडतात.

माझी आई ७८ वर्षांची. मागच्या जानेवारीत रात्री अडीच वाजता पलंगावर बसून कंगव्याने नडग्या खाजवत होती. सकाळी बघितलं तर काळ्या परकराला आतून पांढरा कोंडा, नडगीवर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा आणि दोन ठिकाणी रक्त. महिनाभर आम्ही नुसत्या क्रीम बदलत होतो, खरी गडबड आंघोळीत होती.

पहिलं म्हणजे गिझरचं कडकडीत पाणी बंद करा. त्यांना ते हवंच असतं कारण खाजेला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण अंगावरचं होतं नव्हतं ते तेल धुऊन जातं आणि थोड्या वेळाने परत खाज सुरू. बादलीत आधी कोपर बुडवून बघा, कोमट लागलं पाहिजे. पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरकायची. सौम्य साबण काखेत, जांघेत आणि पावलांना लावा, बाकी हातापायांना, पाठीला रोज साबणाची गरज नसते. पाण्यात अँटिसेप्टिक ओतू नका, घासणी नको, डाळीचं पीठ लावून रगडणं तर अजिबात नको. दिवाळीचं उटणं एक दिवसाचं, तेही आधी तेल लावून, हलक्या हाताने.

मग टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. आई काय करायची, आंघोळ, मग देवपूजा, मग चहा आणि अर्ध्या तासाने क्रीम, तोवर अंग सुकून कडक झालेलं असायचं. आता डबी बाथरूमच्या दाराशीच स्टुलावर असते, आधी क्रीम मग देव. महागडं काही लागत नाही, बिनवासाचं घट्ट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली चालते, खोबरेलही चालतं. रात्री झोपताना परत एकदा, नडग्या आणि कोपर विसरू नका. एक सांभाळा, जेली किंवा तसलं क्रीम कपड्यात मुरलं की कपडा पटकन पेट घेतो, त्यामुळे निरांजन आणि गॅसजवळ पदर जपा. आणि तेलकट तळव्यांनी लादीवर चालू देऊ नका, पाय घसरून पडलं तर भलतंच दुखणं मागे लागतं. तळव्यांना रात्री लावा आणि वर सुती मोजे घाला, उठताना मात्र चप्पल.

टाचा फार फुटल्या असतील तर युरियाचं क्रीम चांगलं, पण उघड्या भेगेवर झोंबतं. डायबेटिस असेल तर रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, बेचकीत क्रीम भरायचं नाही आणि ब्लेडने टाच कापायची नाही. पायाला गरम पाण्याची पिशवीही नको, बधिर पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळतं.

लोकरीचं काही घालायचं तर आत सुती कपडा. नखं बारीक कापा. वयात तहान कमी लागते म्हणून पाणी आठवणीने द्या, पण हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

हे सगळं दोन आठवडे करूनही खाज थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा, केमिस्टकडून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका, खाजेच्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं आणि वापरत राहिलं की आधीच पातळ झालेली कातडी अजून पातळ होते. जखम, पू, सूज दिसली तर दोन आठवडे थांबूच नका, लगेच दाखवा. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या आणि घरातल्या बाकीच्यांनाही खाज असेल तर खरूज असू शकते. थायरॉइड, किडनी, लिव्हरमुळेही अंग खाजतं. डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत टाकून न्या, काही गोळ्यांनीही खाज येते आणि नाव विचारलं की ऐनवेळी कुणालाच आठवत नाही.