ब्रेस्ट पंप: विकत घ्यायचा की भाड्याने आणायचा?

किमती बघण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: बाळ अंगावर नीट ओढतंय का? ओढत असेल तर पंप मदतनीस आहे. ओढत नसेल तर बाळाचं सगळं काम पंपालाच करायचं आहे. भाडं की खरेदी, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे, काचेच्या पेटीत आहे, टाळू दुभंगलेली आहे किंवा तोंडात स्तन धरताच येत नाही, अशा वेळी २४ तासांत ८ ते १० वेळा दूध काढावं लागतं, त्यातलं एकदा तरी रात्री. दर वेळी १५-२० मिनिटं धरली तर मोटर रोज दोन ते सव्वातीन तास चालते. बॅटरीवरचे छोटे पंप एवढ्या कामासाठी बनवलेले नसतात. त्यांची ओढ हळूहळू मंदावते, स्तन पूर्ण रिकामे होत नाहीत, आणि रिकामे झाले नाहीत की शरीर दूध कमी बनवतं. आईला मात्र वाटतं, मलाच दूध येत नाही. इथे दवाखान्यात वापरतात तसा जड, दोन्ही बाजूंनी एकदम दूध काढणारा पंप भाड्याने आणावा. बाळ आज ना उद्या ओढायला लागणार असेल, तर एवढं महाग यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही.

बाळ छान पितंय, पण काही महिन्यांनी कामावर जायचंय? मग रोज दोन-तीनदा, पण बरेच महिने पंप लागेल. अशा वेळी दुहेरी इलेक्ट्रिक पंप विकत घ्या. आठवड्यातून एखाद्या वेळीच बाहेर जायचं असेल, तर हाताने दाबायचा साधा पंप पुरतो. त्यासाठी भाड्याच्या भानगडीत पडू नये.

बाळंतपणाआधी काही घेऊन ठेवायची घाईही नको. पहिले दोन-तीन दिवस येणारा चीक घट्ट आणि थेंबाथेंबाने येतो. पंपात तो भांड्यांनाच चिकटून बसतो. हाताने चमच्यात किंवा सिरिंजमध्ये काढलेला जास्त हाती लागतो. बाळ ओढत नसेल तर त्या दिवसांत पंपही लावायचा, पण दूध उतरण्याची चालना मिळावी म्हणून. बाटलीत काही दिसलं नाही तरी ते वाया जात नाही.

हिशेब

भाड्याचा पंप आणला तरी दुधाचा स्पर्श ज्याला होतो ते सगळं, म्हणजे स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा फ्लँज, व्हॉल्व्ह (झडप), पडदा आणि बाटली, आणि शिवाय नळी, स्वतःचं नवीन घ्यावं लागतं. याला किट म्हणतात. विकतच्या पंपासोबत ते आलेलंच असतं. म्हणून पंपाच्या किमतीतून किटची किंमत वजा करा आणि उरलेल्या रकमेला महिन्याच्या भाड्याने भागा. उत्तर चार आलं, तर चार महिन्यांच्या आत गरज संपणार असल्यास भाडं स्वस्त, पुढे खरेदी. अनामत रक्कम खर्चात धरू नका, पण ती किती दिवस अडकेल ते विचारा. अर्थात हा हिशेब दोन सारख्या यंत्रांचा नाही. बाळ ओढत नसताना नुसत्या आकड्यांवर घरगुती पंप निवडलात, तर वाचलेले पैसे दूध आटण्यात जातात.

गोंधळ असेल तर मधला मार्ग चांगला: पहिला महिना-दीड महिना भाड्याचा, दूध स्थिरावलं की स्वतःचा.

भाड्याने आणताना

'हॉस्पिटल ग्रेड' या शब्दांवर जाऊ नका. त्यांची ठरलेली व्याख्या नाही, औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनेही ती केलेली नाही. विचारायचं ते हे: पंप एकाहून जास्त जणींसाठी बनवलेला आहे का, आणि माहितीपुस्तिकेत तसं लिहिलंय का? अशा पंपात दूध आणि मोटर यांच्यामध्ये आडपडदा असतो. तो नसेल तर दुधाची वाफ किंवा थेंब नळीतून मोटरपर्यंत जातात आणि आत बुरशी धरते. मोटर उकळता येत नाही, उघडून पुसताही येत नाही. म्हणूनच बहिणीने कौतुकाने दिलेला घरगुती पंप, किट नवीन लावलं तरी, घेऊ नये.

पंप ताब्यात घेताना तिथेच चालवून बघा. किट जोडा, फ्लँजच्या तोंडावर तळहात ठेवा आणि दोन्ही बाजूंची ओढ वेगवेगळी तपासा. एक बाजू ढिली वाटली तर दोन्ही बाजूंच्या किटची अदलाबदल करा. ढिलेपणा किटबरोबर सरकला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा पडद्याचा. तो यंत्राच्या त्याच भोकाशी राहिला तर दोष मोटरचा, पंप बदलून मागा. अर्धा महिना वापरला तर भाडं किती आणि पंप बंद पडला तर दुसरा किती तासांत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. दिवसभर दूध निघालं नाही तर स्तन तुंबतात, दुखतात. तेवढ्या वेळेसाठी हाताने दूध काढायला शिकून ठेवा. मोठे पंप बरेचदा विजेवरच चालतात, हेही लक्षात असू द्या.

फ्लँज आणि व्हॉल्व्ह

पंप चांगला असूनही दूध कमी निघतं, तेव्हा आधी फ्लँजचं माप बघा. खोक्यात बहुधा २४ मिमीचा येतो आणि तो सगळ्यांना बसत नाही. दूध काढण्यापूर्वी निपलच्या बुडाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, भोवतीचा काळसर भाग धरू नका. त्यापेक्षा २-३ मिमी मोठ्या फ्लँजपासून सुरुवात करा. लहान पडला तर निपल कडेला घासतं, पांढरं पडतं. मोठा झाला तर काळसर भागही आत खेचला जातो, सूज येते आणि दूध मागे राहतं. डावं-उजवं माप वेगळं असू शकतं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजा.

ओढ वाढवली की दूध वाढतं, हा गैरसमज. पान्हा फुटेपर्यंत हलकी आणि जलद लय ठेवा, मग संथ आणि खोल. दुखायला लागलं की एक पायरी खाली या.

चांगलं निघणारं दूध अचानक घटलं तर व्हॉल्व्ह उजेडात धरा. बदकाच्या चोचीसारख्या व्हॉल्व्हची चीर मिटलेली हवी. त्यातून उजेड दिसला तर तो बाद. दिवसातून आठेक वेळा वापर असेल तर महिना-दोन महिन्यांत बदलावाच लागतो, त्यामुळे एक जोडी जादा ठेवा. चिरेत ब्रश घालू नका, ती फाटते.

नळीत पाण्याचे थेंब दिसले तर दूध काढून झाल्यावर नुसत्या नळ्या जोडून पंप दोन-तीन मिनिटं चालवा. काळे ठिपके दिसले तर नळी फेकून द्या. किट बेसिनमध्ये न धुता वेगळ्या भांड्यात गरम पाणी आणि साबणाने धुवा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा आणि फडक्याने न पुसता तसंच वाळू द्या.

परत करताना

स्वतःचा पंप आला त्याच दिवशी भाड्याचा परत करू नका. तीन-चार दिवस दोन्ही ठेवा, एक दिवस हा, एक दिवस तो. सकाळच्या त्याच वेळी किती मिली निघालं ते लिहा, कारण सकाळचं आणि संध्याकाळचं दूध सारखं नसतं. नव्या पंपाने सलग कमी निघत असेल तर आधी त्याचा फ्लँज आणि व्हॉल्व्ह तपासा. तरीही फरक पडला नाही, तर भाड्याची मुदत आणखी एका महिन्याने वाढवा आणि नवा पंप बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत दुकानात न्या.