अर्ध्यात ठेवता येईल असं विणकाम, टप्प्याटप्प्यानं होणारं शिवण

विणकाम ओळीच्या मध्यावरही खाली ठेवता येतं, मशीनवरच्या शिवणाचं तसं नसतं. घरात लहान मूल असताना दोन्ही कामं चालू ठेवायची, तर आखणी या एका फरकावरून करावी. सुया हातात घेतल्यावर दहा सेकंदांत पहिला टाका पडतो. शिवायला मात्र मशीन मांडा, दोरा ओवा, इस्त्री तापवा, आणि हे होईस्तोवर मूल उठून बसलेलं असतं. म्हणून मूल जागं असताना विणकाम करावं. कापड कापणं आणि मशीन चालवणं हे मूल झोपलेलं असताना किंवा दुसरं कुणी त्याच्याकडे बघत असताना. हेम घालणं, बटणं लावणं, काजं करणं यांना आवाज नसतो, तेव्हा ही कामं रात्रीसाठी बाजूला काढून ठेवता येतात.

एका वेळी तीनच कामं चालू असावीत. एक न बघता विणता येणारं, म्हणजे गोल विणायची साधी टोपी किंवा दोन्ही बाजूंनी सुलट टाक्यांचं पांघरूण. दुसरं जाळीचं किंवा पिळाचं, टाके मोजत करायचं. तिसरं शिवणाचं. चौथं सुरू झालं की हव्या त्या नंबरच्या सुया नेमक्या दुसऱ्या कामात अडकलेल्या निघतात, आणि मोह तर दर आठवड्याला होतोच.

विणताना मध्येच उठावं लागलं तर

हातातला टाका तेवढा पुरा करा, टाके टोकापासून मागे सरकवा आणि टोकांना बुचाचे तुकडे लावा. गोलसुई (लवचिक तारेनं जोडलेल्या दोन सुया) असेल तर टाके मधल्या तारेवर ढकलले की पुरे. सपाट तुकडाही गोलसुईवर विणता येतो. लांब सरळ सुयांपेक्षा ती कुशीत शिरणाऱ्या मुलाला कमी टोचते आणि टाके गळण्याची भीतीही कमी.

परत आल्यावर कुठल्या दिशेनं जायचं, हा नेहमीचा गोंधळ. ज्या सुईवरच्या टाक्यातून लोकरीचा चालू धागा निघतो, ती सुई उजव्या हातात घ्यायची. उलटं झालं तर त्या ठिकाणी लहानसं भोक पडतं आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. ही चूक बऱ्याचदा दहा-बारा ओळींनंतर लक्षात येते. काही दिवस काम बाजूला राहणार असेल तर ओळ पूर्ण करूनच ठेवा, नाहीतर सुई थांबली होती तिथले टाके ताणले जाऊन सैल रेघ दिसते.

ओळींची संख्या डोक्यात ठेवू नका. दर १० ओळींनी एका टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. प्लास्टिकचे मार्कर मुलांच्या तोंडात जाण्याएवढे लहान असतात, त्यापेक्षा दोरा बरा. दोन्ही बाजूंनी सुलट विणलं असेल तर उठून दिसणारी एक वळी म्हणजे दोन ओळी, एवढ्यावर मोजणी भागते.

जाळीच्या विणीत लाइफलाइन, म्हणजे उसवलं तरी टाके धरून ठेवणारा दोरा, घालाच. बोथट सुईत पातळ, गुळगुळीत सुती दोरा ओवून सगळ्या टाक्यांतून आडवा फिरवा आणि दोन्ही टोकं लांब सोडा. दर १० ते १२ ओळींनी नवा दोरा. कुणी सुई उपसून पळालं तर विणलेलं खेचू नका. तुकडा सपाट पसरा आणि एक-दोन नंबर बारीक सुईवर टाके उचलून घ्या. काही टाके पिळलेले येतील, ते पुढच्या ओळीत मागच्या बाजूनं सुई घालून विणले की सरळ होतात. एखादा टाका खाली उसवत गेला असेल तर आधी त्याला सेफ्टी पिन लावा, मग निवांत वेळी सुलट बाजूनं क्रोशाच्या सुईनं एकेक आडवा धागा मागून पुढे ओढत वर आणा.

मापाचा तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण वेळ कमी असलेल्यांनीच तो टाळू नये. ३० टाक्यांचा तुकडा विणा, धुऊन वाळवा आणि मधल्या १० सेमीत किती टाके बसतात ते मोजा. समजा सहा महिन्यांच्या बाळाची छाती ४३ सेमी आहे आणि स्वेटर ५ सेमी सैल हवा. १० सेमीत २२ टाके बसत असतील तर घेराला १०६ टाके लागतात. तुमचा हात घट्ट असून २२ ऐवजी २४ बसले, तर तेवढ्याच टाक्यांत घेर ४४ सेमी होईल. बाळाच्या अंगात तो जेमतेम शिरेल आणि महिनाभरात येईनासा होईल.

लोकर मशीनमध्ये धुता येणारी घ्या. मोहेरसारखी केसाळ लोकर तान्ह्यांना नको, तिचे तंतू सुटून तोंडात जातात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली तर ते कायमचं चपटं होतं. पायमोज्यांच्या आत धाग्याची सैल फासं राहू देऊ नका; बाळाच्या बोटाभोवती धागा आवळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो.

शिवणाचे तुकडे कसे पाडायचे

प्रत्येक टप्पा वीस मिनिटांत संपणारा हवा, आणि संपल्यावर सगळं एका पिशवीत जायला हवं. दोन वर्षांच्या मुलाची इलॅस्टिकची पॅन्ट घेऊ. ११२ सेमी पन्ह्याचं ७० सेमी सुती कापड आधी धुऊन वाळवा आणि इस्त्री करा. आकसणं आत्ताच होऊ दे.

दुसऱ्या दिवशी कागद. अंगाला नीट बसणारी जुनी पॅन्ट मधोमध दुमडा, कमरेचं इलॅस्टिक पूर्ण ताणून धरा आणि एका पायाचा पुढचा व मागचा भाग बाजूच्या रेषेवर जोडून सलग आखा. मागचं आसन पुढच्यापेक्षा वर आणि खोल असतं, ते एकसारखं आखलं तर मूल बसल्यावर पॅन्ट मागून खाली घसरते. माया, म्हणजे शिलाईसाठी सोडायचं जादा कापड, कमरेला ४ सेमी, खाली ६ सेमी, बाकी सगळीकडे १ सेमी.

कापताना कापड सुलट बाजू आत ठेवून दुहेरी दुमडा. एकेरी कापडावर तोच कागद दोनदा ठेवला तर दोन्ही पाय उजवे निघतात. पुढच्या भागावर खडूनं खूण करून तुकडे कागदासकट गुंडाळून ठेवा.

मशीनवर बसाल तेव्हा आधी दोन्ही पायांची आतली शिलाई घाला. मग एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घाला, आतल्या शिलाया जुळवा आणि आसन एका दमात शिवा. खालच्या वळणावर ३ मिमी आत दुसरी शिलाई हवी, कारण उसवतं ते तिथेच. नेफ्यासाठी वरची कड १ सेमी आणि मग ३ सेमी दुमडून कडेलगत शिवा, मागे ५ सेमी जागा उघडी ठेवा. २.५ सेमी रुंद इलॅस्टिक कमरेपेक्षा ३ ते ४ सेमी कमी घ्या आणि जोडासाठी २ सेमी वाढवा. अरुंद इलॅस्टिक नेफ्यात पीळ खातं.

पहिल्याच दिवशी एका रंगाच्या तीन बॉबिन भरून ठेवा. मध्यम सुती कापडाला ८०/१२ नंबरची सुई आणि २.५ मिमीचा टाका. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर टाके सुटत असतील तर गोल टोकाची सुई लावा. खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला दोष देतात. खरं कारण बहुधा वरचा दोरा असतो: घाईत प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा भाग) खाली असतानाच तो ओवला जातो आणि ताणाच्या चकत्यांत बसत नाही. फूट उचला आणि वरचा दोरा पहिल्यापासून ओवा.

मशीनपासून उठण्याआधी

शिलाईच्या मध्यावर उठावं लागलं तर सुई कापडात खाली ठेवा, म्हणजे रेघ हलत नाही. मशीन बंद करा आणि पेडल उचलून टेबलावर ठेवा. रांगणाऱ्या मुलाला पेडल फार आवडतं. इस्त्रीची वायर टेबलावरून लोंबकळू देऊ नका, आणि प्लग काढल्यावरही इस्त्री बराच वेळ भाजण्याइतकी गरम असते हे लक्षात ठेवा.

टाचण्या रंगीत मोठ्या डोक्याच्या आणि मोजून २० घ्या. उठताना २० परत उशीत टोचलेल्या दिसायला हव्यात. १९ भरल्या तर जमीन शोधल्याशिवाय मुलाला खाली सोडायचं नाही. लोकरीचा गुंडा झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ठेवा, मोकळा लांब धागा गळ्याभोवती गुंडाळला जाऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना शक्यतो बटणं नकोतच. खेळण्यांचे भाग घशात अडकण्याइतके लहान आहेत का हे तपासायचं नळकांडं ३१.७ मिमी व्यासाचं असतं, म्हणजे नेहमीचं कुठलंही बटण त्यात सहज मावतं. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी किंवा टोपीला नाडी लावायला युरोपीय मानक ईएन १४६८२ मनाई करतं, घरच्या शिवणातही तेच पाळा.

तळाशी ठेवलेली ६ सेमी माया १ आणि ५ सेमी दुमडून हातानं हेम करा. पाय तोकडे पडले की हेम उसवून पॅन्ट ४ सेमीपर्यंत लांब करता येते. जुन्या दुमडीची फिकट रेघ बहुतेक इस्त्रीनं जात नाही, तिच्यावर दुसऱ्या कापडाची सेंटिमीटरभर पट्टी शिवून टाका.