नॅरोबोटवर राहायला जाताय? आधी पाणी, वीज आणि लॉक समजून घ्या

इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवरची नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद असते, कारण मिडलंड्समधली अठराव्या शतकातली लॉक जेमतेम ७ फूट रुंद आहेत. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेली कोठी, तिच्यात पाणी भरून किंवा सोडून नौका वरच्या-खालच्या पातळीवर नेतात. लांबी ७० फुटांपर्यंत मिळते, पण सगळीकडे फिरायचं असेल तर ५७ फुटांवर थांबा. उत्तरेकडच्या काही लॉकमध्ये त्याहून लांब नौका मावत नाही. रुंद ‘वाइडबीम’ आतून प्रशस्त वाटते खरी, पण ती घेतली की बर्मिंगहॅमकडचे अरुंद कालवे विसरायचे.

घेण्याआधी नौका पाण्याबाहेर काढून सर्व्हे करून घ्यावाच. नव्या नौकेचा पत्रा साधारणपणे तळाला १० मिमी, बाजूंना ६ आणि केबिनला ४ असतो. जुन्या नौकेचा तळ कुठे ४ मिमीच्या खाली गेला असेल तर विमा कंपन्या कुरकुरतात आणि वरून दुसरा पत्रा जोडायचा खर्च तुमच्या गळ्यात येतो. विक्रेता चकचकीत स्वयंपाकघर दाखवतो, तुम्ही तळाचे आकडे मागा.

परवाना बहुतेक ठिकाणी कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा लागतो, थेम्ससारख्या नद्यांवर एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा. सोबत विमा आणि दर ४ वर्षांनी बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र. स्वतःची ठरलेली मूरिंग, म्हणजे नौका बांधायची कायमची जागा, नसेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. फलकावर कमी मुदत लिहिली असेल तर ती पाळायची. शेजारच्या दोन पुलांमध्ये येरझाऱ्या घालणं याला प्रवास म्हणत नाहीत. नोकरी किंवा मुलांची शाळा हे कारण चालत नाही. रोज एकाच ऑफिसात जाणाऱ्याने हे आधी पचवावं, मग नौकेच्या जाहिराती बघाव्यात. व्हिसावर असलेल्यांना पत्त्यातला बदल कळवावा लागतो आणि फिरत्या नौकेला पत्ता नसतो. त्यामुळे आपलं विद्यापीठ किंवा कंपनी काय मागते ते आधीच विचारून घ्या. डॉक्टरकडे नोंदणी मात्र पत्त्याशिवायही होते.

फ्लॅटमध्ये जे आपोआप येतं ते इथे मोजून मिळतं. पाण्याची टाकी बहुधा पुढच्या टोकाला, ३०० ते ६०० लिटरची. दोन माणसं जपून वागली तर दिवसाला ५०-६० लिटर पुरतं. नळावर भरायला तासभरही लागतो. कडक थंडीत नळ गोठतात, म्हणून हिमाचा अंदाज आला की आदल्या दिवशी टाकी भरायची. कॅसेट टॉयलेटची टाकी साधारण २० लिटरची. दोघांत ती दोन-तीन दिवसांत भरते, म्हणून एक जादा कॅसेट ठेवावी. ती एल्सन पॉइंटवरच, म्हणजे कालव्याकाठच्या मैला टाकायच्या जागीच, रिकामी करायची.

नवखे सगळ्यात जास्त पैसे घालवतात ते विजेत. समजा ११० अँपिअर-तासांच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. कागदावर ४४०, वापरायच्या मात्र निम्म्याच, म्हणजे २२०. विसावलेल्या बॅटरीचा व्होल्टेज १२.७ असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. त्याखाली वारंवार नेली तर वर्षभरात मरते. दुसरं मारेकरी कारण म्हणजे अर्धवट चार्जिंग. इंजिनचा अल्टरनेटर पहिले ८० टक्के भराभर भरतो, शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. तेवढा वेळ न दिल्यास प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरीची क्षमता घटत जाते. नोव्हेंबर ते जानेवारी सोलर पॅनेल जवळजवळ शोभेची असतात. इतर नौकांजवळ रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही, म्हणजे चार्जिंगचा वेळही दिवसातूनच काढावा लागतो. लिथियम बॅटऱ्या घेतल्यास अल्टरनेटर थेट जोडू नका, मधे करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवा. नाहीतर त्या एवढा करंट ओढतात की अल्टरनेटर तापून जळतो.

आपल्याकडचा ७५० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरवर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ७० अँपिअरच्या आसपास ओढतो. वाटण दोन-तीन मिनिटांत होतं, त्यामुळे परवडतं. इन्व्हर्टर प्युअर साइनचा (घरच्यासारखी वीज देणारा) आणि १६०० वॅटच्या पुढचा घ्या, कारण मोटर सुरू होताना झटका मोठा असतो. दोन हजार वॅटची विजेची किटली मात्र विसरा, चहा गॅसवरच. सिलिंडर प्रोपेनचा हवा, ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही. कुकरच्या वाफेने भिंती घामेजतात, तेव्हा शिट्टी होताना खिडकी उघडी ठेवा. छपरातली आणि दारातली हवेची भोकं थंडी वाजते म्हणून कधीही बुजवायची नाहीत. कोळशाचा स्टोव्ह रात्रभर जळत असतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे.

प्रवासाचा अंदाज सोपा आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला ३ ने भागा. १२ मैल आणि ९ लॉक म्हणजे ७ तास. वेगमर्यादा ताशी ४ मैल, पण उभ्या नौकांजवळून जाताना इंजिन अगदी मंद करायचं, नाहीतर त्यांचे खुंट उपटून येतात. मागे लाट फुटताना दिसली तर वेग जास्त झालाय. टिलर (सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकलला की नौका उजवीकडे वळते, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळपास चालत नाही. गाळात रुतल्यावर जोरात पुढे रेटू नका. रिव्हर्स घ्या आणि माणसांना खोल पाण्याच्या बाजूला उभं करा.

आता लॉक. पाणी सोडायच्या झडपेला पॅडल म्हणतात आणि ती विंडलास नावाच्या हँडलने फिरवतात. विंडलास दांड्यावर अडकवून हात सोडू नका. खिट्टी निसटली तर तो गरगरा फिरतो आणि मनगट मोडतो. वर चढताना आधी जमिनीवरची पॅडल अर्धी उघडा. दरवाज्यातली पॅडल पाण्याखाली गेल्याशिवाय हलवायची नाहीत, नाहीतर धबधबा थेट पुढच्या डेकवर कोसळतो. नौकेचं टोक दरवाज्याच्या आडव्या तुळईखाली अडकत नाही ना, यावर एकाची नजर हवीच.

उतरताना धोका मागे असतो. वरच्या दरवाज्याच्या आत दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात, आणि भिंतीवर पांढऱ्या रेषेने तो दाखवलेला असतो. नौका त्या रेषेच्या पुढे ठेवा. मागचं टोक सिलवर टेकलं आणि पाणी उतरत राहिलं तर पुढचं टोक खाली जातं आणि मिनिटा-दोन मिनिटांत नौका बुडते. तसं दिसताच आधी खालची पॅडल बंद, मग वरची हळूहळू उघडून पाणी परत भरायचं. क्रम उलटा करू नका. उतरताना दोर खुंटाला बांधायचे नाहीत, हातात सैल धरायचे, कारण बांधलेली नौका हवेत लटकते. अरुंद लॉकच्या एका फेरीत लाखाहून जास्त लिटर पाणी जातं. म्हणून समोरून नौका येत असेल तर तिला आधी जाऊ द्या, तेच पाणी तुमच्या कामी येतं. डेव्हाइझेसजवळच्या केन हिलला एकामागोमाग २९ लॉक आहेत, वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डबिगला ३०. तिथे सकाळी लवकर निघायचं आणि दोन जादा हात बरोबर घ्यायचे.

नौकेच्या पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये, प्लास्टिकची पिशवी किंवा दोरी अडकणं हे ठरलेलंच. इंजिन बंद करा, चावी खिशात घाला, मग वीड हॅच (पंख्यावरचं झाकण असलेलं भोक) उघडून हाताने कापून काढा. झाकण परत पक्कं आवळलं की नाही हे दोनदा पाहा. ते सैल राहिलं तर इंजिन चालू होताच पंखा नौकेच्या आत पाणी फेकायला लागतो. कालव्याचं पाणी जखमेला लागू देऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यातला लेप्टो इथेही आहे, तो उंदरांच्या मूत्रातून पसरतो. शेवटी दिवसभर चालवल्यावर स्टर्न ट्यूबचा, म्हणजे पंख्याचा दांडा (शाफ्ट) ज्या नळीतून बाहेर जातो तिचा, ग्रीस दाबणारा ग्रीसर अर्धा फेरा फिरवायचा, म्हणजे शाफ्टच्या बाजूने पाणी ठिबकत नाही.

नदीचं गणित वेगळं असतं. पावसानंतर पाणी काही तासांत वाढतं, म्हणून प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून बांधायचं आणि पाणी चढेल-उतरेल तसा दोर द्यायला मोकळा ठेवायचा. २० किलोच्या आसपासचा नांगर, साखळीसकट, दोराचं टोक नौकेला बांधलेलं आणि हात पोचेल अशा जागी. इंजिन बंद पडलं आणि प्रवाह धरणाच्या बांधाकडे नेऊ लागला तर तेवढंच साधन उरतं. लाइफजॅकेट कालव्यात बरेच जण घालत नाहीत, नदीत सगळ्यांनी घालावं. थेम्सवर लॉकजवळ पिवळा फलक दिसला तर नवख्याने पुढे जाऊ नये. लाल दिसला तर धक्क्यालाच राहावं, १४ दिवसांची मुदत संपत आली असली तरी. अशा वेळी संबंधित संस्थेला फोन करून कळवलं की मुदत सहसा वाढवून मिळते.